ज्या शहराचं आपल्यावाचून अडतं

‘सोलापुरात आहे काय?’ हा प्रश्न बाहेरच्यांपेक्षा सोलापूरकरच जास्त विचारतात. बारावीचा निकाल लागला की विचारतात, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आलं की विचारतात, मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की तर हमखास. ‘मुलगा पुण्यात आहे ना? मग पुढं बोलू.’ सोमवारी सकाळी पुण्याला जाणारी हुतात्मा एक्सप्रेस सुटायच्या वेळी फलाटावर उभं राहिलं की पाठीला बॅगा लावलेली, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेतलेली पोरं-पोरी दिसतात. त्यांना निरोप द्यायला आलेले आईवडील कौतुकानंच हात हलवत असतात. मूल गाव सोडून गेलं म्हणजे मार्गी लागलं, असं आपल्याकडं आता ठरून गेलं आहे.

जनगणनेचे आकडेही तेच सांगतात. २००१ साली सोलापूर शहराची लोकसंख्या ८ लाख ७२ हजारांच्या घरात होती, २०११ साली ती साडेनऊ लाखांच्या किंचित वर गेली. दहा वर्षांत वाढ झाली जेमतेम ९ टक्के. त्याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. म्हणजे इथं जन्मलेली माणसंही सगळी इथं राहिली नाहीत.

यावर जाहीर सभांतून आणि वर्तमानपत्रांतून जी उत्तरं दिली जातात ती ठरलेली आहेत: आयटी पार्क आणा, विमानसेवा सुरू करा. विमानसेवेसाठी २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली. त्या चिमणीवरून किती वर्षं वाद झाले, मोर्चे निघाले, हे सगळ्यांना आठवत असेल. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि पुढच्या वर्षी विमानंही उडू लागली. मला त्याचा आनंदच आहे. रोजगार हवा, विमानही हवं. पण हे सगळे उपाय येण्याजाण्याचे आहेत. माणूस एखाद्या गावात राहतो, तिथं मुळं धरतो, दुसरीकडं जास्त पगार मिळत असूनही परत यावंसं त्याला वाटतं, ते कशामुळं? या प्रश्नाला आपण हातच घालत नाही. घालतो तेव्हा एकदम हळवे होतो आणि हुरडा, गड्डा, चटणी यांची नावं घेऊन थांबतो.

मी मूळची चिपळूणची. लग्न होऊन सोलापुरात आले आणि पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत शिकवू लागले. लग्न होऊन येणाऱ्या बाईला शहर निवडायला मिळत नाही. ते तिला मिळतं तसं घ्यावं लागतं आणि त्यातून आपलं गाव उभं करावं लागतं. या देशातल्या बहुतेक बायकांनी हे केलेलं आहे, त्यामुळं गाव आपलं कसं होतं याचं खरं ज्ञान त्यांच्याकडं आहे, असं मला मनापासून वाटतं. शहराच्या विकास आराखड्यावर चर्चा होते तेव्हा त्यांना कुणी हा प्रश्न विचारल्याचं मात्र मी पाहिलेलं नाही.

कोकणातून आलेल्या माणसाला सोलापूर आधी अंगावर येतं. पाऊस वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर. दुपारी रस्ते ओस पडतात, पंख्याचा वारासुद्धा भाजतो. ‘ओ ताई, बारा वाजता कुठं निघालाव? ऊन बघा की!’ असं म्हणून शेजारच्या अक्कांनी मला पहिल्या उन्हाळ्यात कितीदा तरी दारातूनच परत पाठवलं. भाकरी मी शिकले, ज्वारीची चव जिभेला लागली, काळ्या मसाल्याचं कालवण आवडू लागलं. तरीही बरीच वर्षं मी ‘सोलापुरात राहणारी’च होते. जिभेला सवय होते, अंगाला ऊन सोसतं. एवढ्यानं गाव आपलं होत नाही. पुण्यात राहणारा सोलापूरकरही शेंगाची चटणी मागवून खातोच, आणि चटणी संपेपर्यंत हळहळतो. परत येत नाही.

गाव आपलं झालं ते शाळेमुळं. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोललं जायचं. बाप यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. एकदा एका मुलीची आई शाळेत आली, हातात एक कागद होता. प्रॉव्हिडंट फंडाच्या कार्यालयाचं पत्र. तिला तेलुगू वाचता येत होतं, मराठी नाही, आणि पत्रात तर इंग्रजी शब्दांचा भरणा. मी ते वाचून दाखवलं, सोबत काय कागद लागतील ते लिहून दिलं. मग तिच्या गल्लीतल्या बायका येऊ लागल्या. बँकेचं पत्र, रेशन कार्डावरचं चुकलेलं नाव, दवाखान्याची चिठ्ठी. संध्याकाळी भाजी आणायला निघाले तरी कुणीतरी ‘बाई, जरा बघता का?’ म्हणून हाक मारायचं. त्या हाकेनं मला सोलापूरकर केलं. कारण या शहराच्या एका कोपऱ्यात माझ्यावाचून थोडंसं का होईना अडत होतं. आणि त्याच बायकांच्या जोरावर मी हक्कानं कुणाच्याही दारात जाऊन ‘तुमची मुलगी आठ दिवस शाळेत का नाही?’ असं विचारू शकत होते.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. शहर आपलं वाटायला दोन गोष्टी लागतात: शहराला आपली गरज असायला हवी आणि शहरावर आपला हक्क चालायला हवा. राबून घेतलं पण हक्क दिला नाही, तर माणूस मजूर होतो. सोयी दिल्या पण गरज ठेवली नाही, तर माणूस गिऱ्हाईक होतो. या दोन्ही अवस्थांत तो मनानं भाड्यानंच राहतो, मग घर स्वतःच्या नावावर का असेना.

सोलापूरला हे कळत होतं याचे पुरावे शहराच्या इतिहासात जागोजागी आहेत. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली, तीच लोकांच्या तोंडची जुनी गिरणी. मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या. त्या वेळच्या निजामाच्या मुलखातून, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून कानडी बोलणारे आले, मराठवाड्यातून दुष्काळानं रेटलेले आले. कुणी गिरणीत लागलं, कुणी घरातच माग टाकला. पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार, अशी घरं पूर्व भागात मी स्वतः पाहिली आहेत. खटखटीच्या आवाजात मुलं गृहपाठ करायची. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना पुढं भौगोलिक मानांकन मिळालं. त्या चादरीवर ज्या गावाचं नाव आहे ते नाव जगभर नेणारे हात बाहेरून आलेल्यांचे आहेत, हे कुठल्याही सोलापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा तो एका समाजाचा उत्सव असतो आणि साऱ्या शहराचाही असतो. पाहुणे म्हणून आलेल्यांचा रथ असा भर रस्त्यातून जात नाही.

आणि १९३०. त्या वर्षीच्या ६ एप्रिलला सोलापूर नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर तिरंगा फडकवला. देशात असं करणारी ही पहिली नगरपालिका, असं आम्ही मुलांना शिकवतो. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, काही दिवस इंग्रजांची सत्ता इथं उरलीच नाही आणि मग लष्करी कायदा आला. त्या उठावानंतरच्या खटल्यात १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला चौघे फासावर गेले: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ही चार नावं एका दमात म्हणून पाहा. कुठल्या घरात कुठली भाषा बोलत असतील, कुठल्या देवाला हात जोडत असतील, ते नावांवरूनच कळतं. लढताना त्यांना एकमेकांची गरज होती आणि शहराला चौघांचीही. हुतात्मा चौकातून रोज हजारो लोक जातात. वर्गातल्या मुलांना मी तिथं नेते तेव्हा चारही नावं मोठ्यानं वाचायला लावते. नंतर एखादं पोर हळूच विचारतं, ‘बाई, हे सगळे एकाच शाळेत होते का?’ असा प्रश्न सोलापुरातलं मूलच विचारू शकतं.

उलट बाजूनं याच गोष्टीचा दाखला देणारा माणूसही सोलापूरचाच. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली इथं जन्मले, १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत तिथंच राहिले, तिथंच लग्न केलं आणि १९४२ साली तिथंच वारले. चीनमध्ये त्यांची स्मारकं आहेत. परक्या देशातली माणसं त्यांना आपलं मानतात, कारण त्या काळात त्या माणसांचं त्यांच्यावाचून अडलं होतं. आपली मुलं बाहेर गेली, तिथं रमली, तर त्यांच्यावर रुसण्याचं काही कारण नाही हे मला कोटणिसांकडं पाहून कळतं. जाणं वाईट नव्हेच. प्रश्न मागं राहिलेल्यांचा आणि परत येऊ पाहणाऱ्यांचा आहे.

गड्ड्याच्या यात्रेबद्दल, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेबद्दल, थोडं सविस्तर लिहिते. दूर राहणाऱ्या सोलापूरकराला विचारा, गावाकडं कधी येणार? तो म्हणेल, संक्रांतीला. तरुण झालेली, नोकरीला लागलेली पोरं रजा काढून येतात ती नंदीध्वजांसाठी. नंदीध्वज म्हणजे मिरवणुकीतल्या सात उंच काठ्या, त्यांचा मान वेगवेगळ्या घराण्यांकडं आणि समाजांकडं. पहिली हिरेहब्बूंची, शेवटच्या दोन मातंग समाजाच्या. पांढरी बाराबंदी घालून तो उंच, जड नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलत नेणं हे एका माणसाचं काम नाही. त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव चालतो, दोर धरणारे वेगळे, मागं चालणारे वेगळे, दमलेल्याच्या हातून काठी घ्यायला पुढचा तयार. सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नात संमती कट्ट्यावर कानडीत संमती वाचली जाते आणि ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ म्हणत मराठी, कानडी, तेलुगू बोलणारे सगळे एकदमच अक्षता टाकतात. तिथं कुणी प्रेक्षक नसतो. काठी धरणाऱ्याचं काम असतं, तसं अक्षता टाकणाऱ्याचंही. सिद्धरामेश्वरांच्या लग्नाला आपण गेलो नाही तर चालणार नाही, असं लाखो माणसांना एकाच वेळी वाटतं. हे भलं मोठं काम या यात्रेनं शेकडो वर्षं केलं आहे. काठ्या पुरुषच धरतात, हे मला खटकतं आणि ते बदलावं असं वाटतं. पण शहराला माणसं बांधून ठेवायची कशी, हे शिकायचं तर सल्लागार कंपन्यांच्या अहवालांआधी या मिरवणुकीकडं पाहावं.

आता ज्या जागी हे शहर आपल्याच माणसांना परकं करतं, त्याबद्दल.

इंग्रजांनी ज्यांना जन्मानं गुन्हेगार ठरवलं त्या जमातींना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. त्या वस्तीला सेटलमेंट म्हणत. त्या माणसांनी गिरण्यांत काम केलं, पण हजेरी दिल्याशिवाय त्यांना बाहेर पडता येत नसे. राबायचं शहरासाठी आणि झोपायचं कुंपणात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी जन्मानं गुन्हेगार ठरवणारा तो कायदा रद्द झाला. कुंपण गेलं, वस्तीचं नाव मात्र आजही तेच आहे आणि त्या पत्त्यावरच्या मुलांना नोकरी मागताना काय ऐकावं लागतं ते मी शिक्षक म्हणून जाणते. भाड्यानं घर शोधणाऱ्याला आजही पहिला प्रश्न विचारतात, ‘तुम्ही कोणत्या समाजाचे?’ माझ्या एका सहकारी शिक्षिकेला, सगळं ठरलेलं असताना, आडनाव कळल्यावर एका घरमालकानं खोली नाकारली. ती इथंच जन्मलेली. अशा वेळी चार हुतात्म्यांची नावं घेऊन फुशारकी मारायचा आपल्याला अधिकार राहत नाही. ज्या शहरात माणसाला राहायला जागा देताना जात आणि धर्म विचारला जातो, ते शहर त्याचं घर कसं होईल? यावर गल्लीगल्लीत, सोसायटीच्या बैठकांत बोललं गेलं पाहिजे. कायद्यापेक्षाही आधी तिथं बोललं गेलं पाहिजे.

आणि पाणी. सोलापूरबद्दल काहीही लिहायचं आणि पाण्याबद्दल लिहायचं नाही, हे इथल्या बाईला शक्य नाही. उजनी धरणाची क्षमता ११७ टीएमसी. तिथून शंभराहून जास्त किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीतून शहराला पाणी येतं. धरण भरल्याच्या, दरवाजे उघडल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात आणि आमच्या नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येत राहतं. समांतर जलवाहिनीची चर्चा ऐकत माझ्या वर्गातली कितीतरी मुलं मोठी होऊन पुण्याला निघून गेली. शिवाय पाणी शहरापर्यंत आलं म्हणजे घरात आलं असं होत नाही. मधल्या टाक्या, जुन्या गळक्या वाहिन्या, १९९२ साली हद्दवाढ होऊन शहरात आलेल्या पण पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला राहिलेल्या वस्त्या, हे सगळं मध्ये आहे.

पाच दिवसांआड पाणी याचा खरा अर्थ बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्याला वाटतं, साठवून ठेवायचं, एवढंच. पण पाण्याचा दिवस आला की घरातल्या एका माणसानं घर सोडायचं नसतं, आणि तो माणूस बहुतेक घरी बाईच असते. पाणी पहाटे तीनला येईल किंवा रात्री अकराला. माहेरी जायचं ते पाण्याचा दिवस बघून, कामाची रजा पाण्याचा दिवस बघून, लेकीच्या शाळेची सभा चुकते ती पाण्यापायी. ज्यांच्याकडं जमिनीखाली मोठी टाकी आणि मोटार आहे त्यांचं निभतं. ज्यांची खोली एक आणि बॅरल दोन, त्यांच्या नळाचं पाणी शेजारच्या मोटारीनं ओढलं जातं आणि भांडण पेटतं. ज्या अक्कांनी मला उन्हातून परत पाठवलं, त्यांच्याशीच मोटारीवरून माझी बोलाचाली झाली आहे. ‘पाणी आलंय की ओ!’ म्हणून एकमेकींना हाका मारून उठवतो, त्यात शेजारधर्म आहे असं काही लोक कौतुकानं लिहितात. मला ते पटत नाही. शेजारणीनं मला हळदीकुंकवाला हाक मारावी, पाण्यासाठी अर्ध्या रात्री उठवावं लागू नये. बायकांच्या सोसण्यावर चाललेली व्यवस्था म्हणजे संस्कृती नव्हे.

आणि हे ज्या गावात व्हावं, त्या गावाचं दैवत कोण? बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर. ज्या योग्यानं लोकांना हाताशी धरून तलाव खोदला, श्रम हीच पूजा मानली, त्याच्या नावानं आपण वर्षातून एकदा अक्षता टाकतो. तलाव आजही शहराच्या मध्यभागी आहे. सार्वजनिक पाणी हा या गावाचा पहिला धर्म आहे. रोज, ठरल्या वेळी, प्रत्येक घरात पाणी येणं म्हणजे त्या धर्माचं पालन. त्यात कसूर होत असेल तर होम मैदानावरची आतषबाजी कितीही देखणी झाली तरी काहीतरी राहून जातं.

विडी कामगार बायकांच्या घरांची गोष्ट मला या सगळ्यात फार मोलाची वाटते. दिवसाला हजार विड्या वळायच्या, मान आणि बोटं दुखेपर्यंत, आणि राहायचं पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत. या बायकांनी लाल बावट्याखाली वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, कम्युनिस्ट नेत्या गोदावरी परुळेकरांच्या नावाची. २००६ साली त्या घरांचा ताबा मिळाला. पुढं रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. त्या वसाहतीत गेलं की बायकांचं बोलणं वेगळं ऐकू येतं. सरकारनं दिलं असं त्या म्हणत नाहीत, आम्ही मिळवलं असं म्हणतात. भिंती कशाच्या, खोल्या किती, याहून ते ‘मिळवलं’ मला मोठं वाटतं. हक्क चालणं म्हणतात ते हेच.

पण घर मिळालं, शहर मिळालं का? कुंभारी शहराबाहेर आहे. तिथून शाळेत, दवाखान्यात, कारखान्यात, नव्या पेठेत बाजाराला यायचं तर सिटी बस हवी. आणि सोलापूरची सिटी बस गेल्या काही वर्षांत इतकी रोडावली की नव्या मुलांना ती होती हेच ठाऊक नाही. रिक्षाचं भाडं देऊन रोजची मजुरी परवडत नाही. मग आई म्हणते, एवढ्या लांब कशाला पाठवायचं पोरीला? दहावीनंतर मुलगी घरी बसते आणि विड्या वळू लागते. बस नसणं म्हणजे काय, ते असं आहे. शहर ज्या मुलीच्या आवाक्यात नाही तिला ‘तुझं गाव’ म्हणून त्याचा अभिमान बाळगायला आपण कोणत्या तोंडानं सांगायचं?

२०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत सोलापूरचं नाव आलं तेव्हा आम्हाला फार अभिमान वाटला होता. रस्ते झाले, काही चौक सुधारले, तलावाचा काठ नीट झाला. ते दिसतं आहे आणि ते चांगलं आहे. पण नवी पेठ, चाटी गल्ली, मधला मारुती या बाजारात तासन्‌तास खरेदी करणाऱ्या बाईला विचारा की स्वच्छतागृहासाठी ती काय करते. ती घरून निघतानाच पाणी प्यायचं टाळते. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात. दुपारी भाजी विकून दमलेल्या म्हातारीला पाठ टेकायला सावली लागते, पैसे न देता बसता येईल अशी जागा लागते. श्रावणात अडुसष्ट लिंगांच्या दर्शनाला पायी निघालेल्या बायकांचे घोळके मी पाहते तेव्हा मला वाटतं, एरवी वर्षभर या बायका एवढं शहर पायाखाली घालत नाहीत, कारण शहरात निवांत फिरायला त्यांना देवाचं कारण लागतं. बाईला कारण न सांगता तळ्याच्या काठी एकटीनं बसता यावं. मुलगी परत गावी येईल की नाही हे ठरवताना ती आधी हेच आठवते. माझ्या पुण्याला गेलेल्या विद्यार्थिनी मला हेच सांगतात. पगार त्या दुसऱ्या क्रमांकावर सांगतात.

हे सगळं विचारायचं कुणाला? २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढं २०२६ च्या जानेवारीपर्यंत निवडणूकच झाली नाही, कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. प्रशासकानं चांगलं काम केलंही असेल. पण ज्याच्या दारात जाऊन ‘आमच्या गल्लीला पाणी का नाही?’ असं ओरडता येईल असा आपण निवडलेला माणूसच इतकी वर्षं नसणं ही साधी गोष्ट नव्हती. ज्या नगरपालिकेनं १९३० साली साम्राज्याच्या नाकावर टिच्चून झेंडा लावला, त्या गावात इतका काळ लोकनियुक्त सभागृह नव्हतं आणि त्याबद्दल फारसा गलबला झाला नाही. आपण गिऱ्हाईक होत चाललो आहोत याची मला यातून भीती वाटते. सेवा वाईट मिळाली की गिऱ्हाईक दुकान बदलतं, आणि शहराच्या बाबतीत दुकान बदलणं म्हणजे सोमवारची हुतात्मा एक्सप्रेस. नागरिक मात्र भांडतो.

म्हणून शहर कसं चाललं आहे हे मोजायचं माप आपण बदलायला हवं, असं माझं म्हणणं आहे. किती कोटींची कामं झाली, हे सांगणारे फलक पुरे झाले. प्रत्येक प्रभागात पाण्याचं वेळापत्रक जाहीर व्हावं आणि पाणी त्या वेळी आलं की नाही याची नोंद त्याच प्रभागातल्या बायकांच्या समितीनं ठेवावी. कुंभारीहून शाळेच्या आणि कारखान्याच्या वेळांना बस सोडावी, ती तोट्यात चालली तरी सोडावी, कारण मुलीच्या शिक्षणाचा हिशेब तिकिटांच्या पैशांत मांडता येत नाही. बाजारपेठांत स्वच्छतागृहं व्हावीत आणि त्यांच्या देखभालीचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दिसावा. शाळांतून, वाचनालयांतून, वसाहतींतून माणसांना शहराचं काम द्यावं: झाडं राखायचं, मुलांना शिकवायचं, कुणाचे कागद वाचून द्यायचं, जुन्या गिरणी कामगारांच्या आठवणी नोंदवायचं. यातल्या बहुतेक गोष्टींना विमानतळाइतका पैसा लागत नाही. प्रभाग सभेत उभं राहून त्या मागाव्या लागतात, आणि मिळेपर्यंत दर महिन्याला पुन्हा मागाव्या लागतात. आमच्या शाळेतल्या पालक बायकांनी पाण्याच्या वेळापत्रकाचा अर्ज लिहायला घेतला आहे, मराठीत आणि तेलुगूत. बाकीच्या प्रभागांनीही आपापला लिहावा.